इंग्लंडमधलं विटांचं जुनं शेतघर कसं बघावं

नॉरफोक, सफोक, लिंकनशर किंवा केंटमधल्या आडरस्त्यांवरून जाताना लाल विटांची शेतघरं वरचेवर दिसतात. मधोमध दार, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या, वर कौलं, पलीकडे मोठं कोठार. नवखा माणूस म्हणतो, ‘छान आहे, जॉर्जियन दिसतंय,’ म्हणजे 1714 ते 1830 मधल्या जॉर्ज राजांच्या काळचं, आणि पुढे जातो. पण दर्शनी भिंत 1780 ची आणि तिच्या मागचा लाकडी सांगाडा 1580 चा, हा प्रकार इथे सर्रास आढळतो. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले की तो अख्खं घर पाडत नसे. समोरची बाजू नवी करायचा, मागे एक खोली वाढवायचा, उरलेलं तसंच ठेवायचा. म्हणून ‘हे घर किती जुनं?’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. धुराडं कधीचं, ही भिंत कधीची, ही खिडकी कधीची, असं एकेक विचारत गेलं की घर उलगडत जातं. त्यासाठी काय कुठल्या क्रमाने बघायचं, ते पुढे सांगतो.

निघण्याआधी घरबसल्या

इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंची राष्ट्रीय यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था ठेवते आणि ती ऑनलाइन फुकट बघता येते. ग्रेड एक, ग्रेड दोन-तारांकित आणि ग्रेड दोन असे तीन दर्जे असतात. शेतघरं बहुतेक ग्रेड दोनमध्ये सापडतात. 1700 च्या आधीची आणि बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेली घरं जवळपास सगळीच यादीत आहेत, 1700 ते 1850 मधलीही बरीचशी. नोंद तारेच्या भाषेत असते: शेतघर, सी 17 चा आरंभ, दर्शनी भाग सी 18 अखेर. ‘सी’ म्हणजे शतक. ही नोंद जरूर वाचा, पण वेदवाक्य मानू नका. जुन्या नोंदी वास्तू ओळखता यावी एवढ्यासाठीच लिहिलेल्या आहेत. कित्येक ठिकाणी निरीक्षक आत गेलेलाच नाही आणि तसं त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलंय.

दुसरं काम नकाशाचं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे इंग्लंडचेही जुने नकाशे आहेत आणि आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून ते बघता येतात. एकोणिसाव्या शतकात घराचा आकार कसा होता, कोठारं कुठे होती, कुठली बाजू नंतर वाढवली, हे दहा मिनिटांत कळतं. त्याच्याही मागे जायचं असेल तर 1836 च्या कायद्यानंतर गावोगाव काढलेले टाइथ नकाशे आहेत; टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. त्यांच्या जोडीच्या नोंदवहीत शेतांची नावं सापडतात. ‘ब्रिक किल्न फील्ड’, म्हणजे वीटभट्टीचं शेत, असं नाव घराजवळच्या एखाद्या तुकड्याला असेल तर विटा तिथेच भाजल्या असण्याची दाट शक्यता. घरामागचं डबकं हीसुद्धा पुष्कळदा माती काढलेली खाण असते.

नकाशा बघतानाच सार्वजनिक पायवाट कुठून जाते ते हेरून ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर ती हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते आणि कैक ठिकाणी शेतघराच्या अंगणाला खेटूनच जाते. बहुतेक घरांत माणसं राहतात, तेव्हा कुंपण ओलांडायचं नाही आणि खिडकीवर कॅमेरा रोखायचा नाही. अंगणात कुणी दिसलं तर आपणहून बोलावं. ‘तुमच्या धुराड्याकडे बघतोय’ म्हटलं की पुढचा अर्धा तास गप्पांत जातो.

आधी धुराडं

जवळ जायची घाई करू नका. शंभर पावलं लांब उभं राहून छपराकडे बघा. धुराडं कुठे आहे, यावरून आतल्या खोल्यांची मांडणी बरीचशी कळते.

धुराडं जाडजूड असेल, आढ्याच्या मध्यावर किंवा मध्याजवळ असेल आणि पुढचं दार बरोबर त्याच्या समोर येत असेल, तर मांडणी बहुधा सतराव्या शतकातली. दार उघडलं की समोर धुराड्याचीच भिंत. तिथे एक चिंचोळी देवडी, तिच्या एका हाताला स्वयंपाकाची मोठी खोली, दुसऱ्या हाताला बैठकीची. एकाच धुराड्यात पाठीला पाठ लावून दोन चुली आणि बहुधा त्यांच्या मागून वर जाणारा जिना. पूर्व आणि आग्नेय इंग्लंडमध्ये ही मांडणी 1600 च्या सुमारापासून फार चालली. एका खर्चात दोन खोल्या ऊबदार, आणि दार उघडल्यावर गार वारा थेट आत शिरत नाही. इतका हिशेबी नकाशा मला पुढच्या शतकातल्या देखण्या घरांतही दिसत नाही.

धुराडी घराच्या दोन टोकांना, त्रिकोणी भिंतींवर असतील आणि मधल्या दारातून आत जिना असलेली मोकळी जागा असेल, तर मांडणी अठराव्या शतकातली किंवा त्यानंतरची. घर दोन खोल्या खोल असेल तर तेही उशिराचं लक्षण. दार एका बाजूला सरकलेलं आहे, त्याच्या बरोबर समोर मागचंही दार आहे आणि धुराडं दोन्हींपासून जरा दूर आहे, असं दिसलं तर थांबा. ती आरपार बोळाची मध्ययुगीन मांडणी असू शकते. त्या काळी घराच्या मधल्या दालनात जमिनीवरच आग पेटायची, धूर छपरातून जायचा आणि धुराडं नावाची वस्तूच नव्हती. मग ते नंतर कधीतरी जागा मिळेल तिथे घुसवलं. मध्ययुगीन घरांचं असं रूपांतर आणि नवी बांधणी यांची मोठी लाट 1570 ते 1640 या काळात आली, असं डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने 1953 मध्ये मांडलं. लाट सगळीकडे एकाच वेळी आली नाही, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरी नवख्याला ही चौकट अजूनही कामाला येते.

आता विटेजवळ

रोमन गेल्यावर इंग्लंडमध्ये वीट भाजणं जवळपास थांबलं. लोक शेकडो वर्षं रोमन विटाच उपसून वापरत राहिले. सफोकमधला लिटल वेनहॅम हॉल, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, हा इथल्या सर्वांत जुन्या उरलेल्या विटांच्या घरांपैकी एक. पण तो जमीनदाराचा. साध्या शेतकऱ्याला वीट परवडायला सोळावं शतक संपावं लागलं, आणि तेव्हाही ती आधी धुराड्यालाच लागली. भिंती लाकूड-मातीच्या आणि धुराडं तेवढं विटांचं, अशी घरं अजून आहेत.

पहिलं बघायचं ते रंग. लोहाचं प्रमाण जास्त असलेली माती भाजली की लाल, चुन्याचा अंश जास्त असेल तर पिवळट किंवा पांढरट. केंब्रिजकडे आणि सफोकच्या काही भागांत फिकट विटा दिसतात त्या यामुळे. रेल्वे येईपर्यंत वीट दूरवर नेणं महाग होतं, म्हणून भिंतीचा रंग म्हणजे बहुधा आसपासच्या मातीचाच रंग. लाल विटांच्या गावात एकच घर पिवळं असेल तर एक तर मालकाने मुद्दाम खर्च केलाय किंवा बांधकाम रेल्वेनंतरचं आहे.

मग जाडी. खिशात मोजपट्टी ठेवा आणि परवानगी असेल तिथे चार थर, मधल्या सांध्यांसकट मोजा. आजच्या ब्रिटिश विटेचे चार थर 300 मिलिमीटर भरतात. ट्यूडर काळातली (1485 ते 1603) वीट 2 इंचांच्या आसपास जाड, तिचे चार थर 250 च्या अलीकडे-पलीकडे येतात. पुढे वीट जाड होत गेली. 1784 मध्ये अमेरिकेतल्या युद्धाचं कर्ज फेडायला सरकारने विटांवर नगावर कर बसवला, तर मेशमच्या जोसेफ विल्क्सने दुप्पट आकाराच्या विटा पाडायला सुरुवात केली. कर नगावर आहे ना, मग नगच कमी करू! सरकारने पुढे मोठ्या विटेवर दुप्पट कर लावून ती वाट बंद केली, आणि 1850 मध्ये हा करच गेला. मेशमच्या आसपास या धिप्पाड विटा अजून दिसतात. मात्र नुसत्या जाडीवरून साल ठोकून देऊ नका, कारण पाडलेल्या घराच्या विटा पुन्हा वापरणं ही कायमचीच रीत होती.

आणि मग रचना. विटेची लांब बाजू बाहेर दिसते तो स्ट्रेचर, तोंडाची आखूड बाजू दिसते तो हेडर. एक थर सगळा हेडर, पुढचा सगळा स्ट्रेचर, हा इंग्लिश बाँड: सोळाव्या-सतराव्या शतकातली नेहमीची रीत. एकाच थरात हेडर, स्ट्रेचर, हेडर, स्ट्रेचर असं आलटूनपालटून असेल तर फ्लेमिश बाँड. लंडनमधला क्यूचा राजवाडा, मुळात सॅम्युएल फोर्ट्री या व्यापाऱ्याने 1631 मध्ये बांधलेलं घर, हे त्याचं इंग्लंडमधलं सुरुवातीचं नावाजलेलं उदाहरण. तिथून ही फॅशन हळूहळू गावाकडे गेली आणि अठराव्या शतकात दर्शनी भिंत फ्लेमिशच हवी असा पायंडा पडला. दर्शनीच, बरं का. वळसा घालून बाजूला गेलात की तिथे इंग्लिश बाँड, नाहीतर तीन किंवा पाच थर स्ट्रेचर आणि मग एक थर हेडर अशी काटकसरीची रचना निघते. नुसते स्ट्रेचरच स्ट्रेचर असतील तर भिंत पोकळ, म्हणजे बहुधा विसाव्या शतकातली.

शेतावरच्या खोपट्यांत आणि कोठारांत आणखी एक रचना सापडते. विटा आडव्या न झोपवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी ठेवायची. हा रॅट ट्रॅप बाँड, आणि केरळ बघितलेल्यांच्या तो ओळखीचा असेल. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले वास्तुविशारद लॉरी बेकर 1945 मध्ये भारतात आले आणि कमी विटांत भिंत उभी करायची ही युक्ती त्यांनी तिकडे घरोघरी पोचवली.

जुन्या भिंतीत काही हेडर काळपट-निळे आणि काचेसारखे चकाकणारे असतात. भट्टीत आगीच्या तोंडाशी बसलेल्या विटांवर लाकडाच्या राखेतल्या क्षारांमुळे ती झिलई चढते. गवंड्यांनी त्या फुकट न घालवता वेगळ्या काढल्या आणि भिंतीवर शंकरपाळ्यांची नक्षी काढली. ती तिरक्या उन्हात उठून दिसते, म्हणून जायचं तर सकाळी नाहीतर उतरत्या दुपारी. अशीच एक नजरेतून सुटणारी गोष्ट छपराच्या उताराला असते. लिंकनशर आणि ईस्ट अँग्लियात त्रिकोणी भिंतीच्या कडेला विटांच्या छोट्या पाचरी आत वळवलेल्या दिसतात, थर आडवे न ठेवता उताराला काटकोनात लावलेले. आडवे थर उतारावर तोडावे लागतात आणि तुटलेल्या कडांतून पाणी शिरतं. पाचर केली की विटेची अखंड बाजू पावसाला सामोरी जाते.

सांध्यातला चुना

विटेइतकंच दोन विटांमधल्या दरजेकडे बघा. 1824 मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, पण त्यानंतरही खेड्यात कित्येक दशकं चुनाच चालला. चुन्याचा सांधा मऊ, फिकट, आणि त्यात नीट न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे दिसतात. सिमेंटचा सांधा करडा, टणक, कडा धारदार.

हा फरक केवळ हौसेचा नाही. जुनी भिंत पाऊस पिते आणि ऊन-वाऱ्यात मऊ सांध्यांतून सोडून देते. कुणी हौसेने सिमेंटच्या दरजा भरल्या की पाणी बाहेर पडायला फक्त वीट उरते. थंडीत ते विटेच्या पृष्ठभागाजवळ गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. जमिनीपासून कमरेपर्यंतच्या थरांत वीट आत खचलेली आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जाळीसारख्या बाहेर उभ्या, असं दृश्य दिसलं तर कारण हेच. असं घर भाड्याने किंवा विकत घ्यायचा विचार असेल तर आत ओल कुठपर्यंत चढलीय ते आधी तपासा, आणि चुन्यात काम करणाराच गवंडी गाठा. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये सुरू केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था, एस.पी.ए.बी., घरमालकांना याबाबत सल्ला देते.

खिडक्या: इथेच जास्त फसगत

जुनी खिडकी दाराच्या झडपेसारखी उघडते. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली छोटी तिरकी काच आणि मध्ये लाकडाचे किंवा विटांचे उभे खांब. वरखाली सरकणारी सॅश सतराव्या शतकाच्या अखेरीस आली आणि शेतघरांपर्यंत पोचायला तिला आणखी बराच वेळ लागला. लंडनमध्ये 1709 च्या कायद्याने आगीच्या भीतीने चौकट भिंतीच्या तोंडापासून 4 इंच आत घ्यायला लावली. गावात हा कायदा लागू नव्हता, पण शहराची नक्कल सगळीकडेच होते. म्हणून चौकट भिंतीला समतल असेल तर खिडकी आधीची, किंवा गाव निवांत.

सॅशची आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. वरच्या झडपेच्या खालच्या दोन कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं लोंबतात का बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काचा मोठ्या आणि जड झाल्या, तेव्हा सांधा बळकट करायला ही शिंगं आली. ‘जॉर्जियन’ म्हणून मिरवणाऱ्या घराला शिंगांच्या खिडक्या असतील तर त्या नंतर बदलल्यात.

विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे हटकून खिडकी-कराची गोष्ट सांगतात. कर खरा होता, 1696 ते 1851. पण प्रत्येक बुजलेल्या खिडकीचं खापर त्याच्यावर फोडू नका. हॅम्पशरमधल्या चॉटन गावात लेखिका जेन ऑस्टिन 1809 पासून ज्या लाल विटांच्या घरात राहिली, तिथल्या बैठकीची रस्त्याकडची मोठी खिडकी बुजवून तिथे पुस्तकांचं कपाट केलं आणि बागेकडे नवी खिडकी काढली. कारण रस्त्याची वर्दळ आणि आत डोकावणारी माणसं. काही ठिकाणी तर बुजलेली खिडकी कधी उघडी नव्हतीच. मागे धुराडं आहे, पण समोरून दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात, म्हणून खोटी खिडकी. आणि कराची एक मजेशीर खूण मात्र नक्की शोधा. दूधघर आणि चीजची खोली करातून वगळलेली होती, अट एवढीच की दारावर तसं लिहिलेलं असावं. काही शेतघरांच्या मागच्या दारावर ‘डेअरी’ ही पुसट अक्षरं अजून आहेत.

छपराबद्दल थोडंच सांगतो, कारण कौलं सगळ्यांत जास्त वेळा बदललेली असतात. पूर्व किनाऱ्यावर नागमोडी पॅनटाइल, जी आधी हॉलंडहून यायची. केंट-ससेक्सकडे सपाट छोटी कौलं. वेल्समधल्या पाटीच्या दगडाची कौलं कालवे आणि रेल्वेबरोबर सगळीकडे पोचली. छप्पर फारच उभट असेल आणि वर पॅनटाइल असेल, तर आधी तिथे गवताचं शाकार होतं का, हा प्रश्न विचारावा.

वळसा घालून मागे

दर्शनी भिंत लोकांना दाखवण्यासाठी असते, घराची खरी हकिगत बाजूला आणि मागे कळते. त्रिकोणी भिंतीत लाकडाचा खांब अर्धवट डोकावतोय का? समोरच्या खिडक्यांमधली अंतरं किंचित कमीजास्त आहेत का? वरच्या मजल्याच्या मानाने खालची भिंत फार जाड आहे का? तिन्हीतलं एखादं जरी असलं तरी विटा म्हणजे नुसतं पांघरूण असण्याचा संशय घ्या. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत लाकडी सांगाड्यात विटा भरलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. इथे तसंही होतं, आणि सांगाड्याच्या बाहेरून पूर्ण नवी भिंत चढवणंही होतं.

याचं प्रत्यक्ष बघता येईल असं उत्तम उदाहरण म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनजवळचा मोझली ओल्ड हॉल. बाहेरून अगदी व्हिक्टोरियन विटांचं घर, कारण ती भिंत 1870 च्या सुमाराला चढवलेली. आत पाऊल टाकलं की 1600 च्या आसपासचं लाकडी घर. यादवी युद्धातली वूस्टरची लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स सप्टेंबर 1651 मध्ये इथे थॉमस व्हिटग्रीव्हच्या आश्रयाला आला, आणि तो ज्या चोरकप्प्यात लपला तो आजही दाखवतात. घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. समोर उभं राहून आधी स्वतः अंदाज बांधा आणि मगच आत जा.

भिंतीवर कोरलेलं साल दिसलं की हुरळून जाऊ नका. दगडावर वर एक अक्षर आणि खाली दोन असतील तर वरचं आडनावाचं, खालची नवरा-बायकोच्या नावांची. साल घर बांधल्याचं असेल, तसंच लग्नाचं किंवा नुसता दर्शनी भाग बदलल्याचंही असू शकतं. लोखंडी एस किंवा एक्सच्या आकाराच्या पट्ट्या म्हणजे भिंत बाहेर झुकू नये म्हणून आतल्या तुळईशी बांधलेली टोकं.

आत बोलावलं तर

आधी मोठ्या चुलीपाशी जा. तिच्या तोंडावरची जाड लाकडी तुळई वाकून बघा. अश्रूच्या आकाराचे जळके डाग दिसले तर ते मेणवातीने मुद्दाम पाडलेले असू शकतात. कंपासने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलंही तिथेच किंवा दारांजवळ सापडतात. घरात वाईट काही शिरू नये म्हणून केलेल्या या खुणा आहेत, असं मानलं जातं. हिस्टॉरिक इंग्लंडने 2016 मध्ये लोकांना अशा खुणा शोधून कळवायचं आवाहनही केलं होतं. चुलीच्या आत बाजूला गोल घुमटीचं भोक असेल तर ती पावाची भट्टी. छताच्या तुळयांच्या कडा तासलेल्या असतात आणि टोकाला ती तासणी वळण घेऊन थांबते. हे वळण जितकं नक्षीदार तितकी ती खोली प्रतिष्ठेची. वळण एका टोकाला आहे आणि दुसऱ्या टोकाला तुळई सरळ भिंतीत घुसतेय, तर ती भिंत नंतरची आहे आणि खोली पूर्वी मोठी होती. दूधघर शोधायचं असेल तर उत्तरेकडे बघा, ऊन लागू नये म्हणून ते तिकडेच असतं.

फोटो काढण्याआधी विचारा. आणि घर तुमचंच असेल तर यादीतल्या वास्तूत परवानगीशिवाय खिडकी बदलणं किंवा चूल फोडणं हा फौजदारी गुन्हा आहे, तो आत-बाहेर दोन्हीकडच्या बदलांना लागू होतो.

अंगण आणि कोठारं

गावापासून दूर, सरळ रेषांच्या शेतांमध्ये एकटं उभं असलेलं समप्रमाण घर बहुधा 1750 ते 1850 मधलं. संसदेच्या कायद्यांनी सामायिक शेतं कुंपणांत वाटली गेली आणि शेतकरी गाव सोडून आपापल्या तुकड्यावर राहायला गेले, तेव्हाची ही घरं. त्यांची नावंही कधी साल सुचवतात: वॉटर्लूची लढाई 1815 ची, तेव्हा ‘वॉटर्लू फार्म’ हे त्याआधीचं नाव असणं अवघडच.

कोठाराच्या लांब भिंतींत समोरासमोर दोन उंच दारं असतील तर मध्ये मळणीचं खळं होतं. दोन्ही दारं उघडली की वाऱ्यावर भुसा उडून जायचा. भिंतीत विटा गाळून केलेली नक्षीदार भोकं हवा खेळण्यासाठी असतात. दगडी छत्र्यांवर उचललेली खोली धान्याची, उंदीर चढू नयेत म्हणून.

पहिल्याच फेरीत हे सगळं जमवायला जाऊ नका. एक कागद घ्या, घराच्या चार बाजूंचे चार चौकोन काढा आणि प्रत्येकात फक्त बाँड, खिडकीचा प्रकार आणि धुराड्याची जागा लिहा. दोन बाजूंचे बाँड जुळत नसतील तिथून पुढचा शोध सुरू करा. सप्टेंबरमधल्या हेरिटेज ओपन डेजमध्ये एरवी बंद असणाऱ्या कितीतरी वास्तू फुकट बघता येतात. काहींना आधी नाव नोंदवावं लागतं, तेव्हा यादी जाहीर झाली की जागा लगेच धरा.